रात्री दोन ते चार

सप्ताहाच्या चौथ्या रात्री, पावणेतीनच्या सुमाराला मांडवात जागी अशी तीनच माणसं होती. गळ्यात वीणा घेतलेले एक बाबा, साठी केव्हाच उलटलेले. साउंडवाल्याकडचा एक पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, सामान राखायला थांबलेला, मशीनच्या पेटीला टेकून घोंगडीत गुरफटलेला. आणि खांबाला पाठ लावून बसलेला मी. मार्गशीर्षातली थंडी. मांडवाच्या कापडावर दव साचून एकेक थेंब सतरंजीवर पडत होता, आणि मागं चुलाणात विझत आलेल्या बाभळीच्या लाकडांचा वास येत होता. बाबांचा पहारा बारा ते दोनचा. दोन वाजता ज्यानं येऊन वीणा घ्यायची तो आला नव्हता. वीणा खाली ठेवायची नसते. सप्ताह बसला की उठेपर्यंत ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात हवी. बाबा या पायावरचा भार त्या पायावर टाकत बराच वेळ उभे राहिले. मग पोराकडे पाहून म्हणाले, "माऊली, जरा धरता का? आलोच."

पोरानं आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली की काय म्हणून. मग उठला, पिंपाच्या तोटीवर हात धुतले, पँटला पुसले, बाबांच्या पाया पडला आणि मान खाली घातली. तार वाजती ठेवतच बाबांनी पट्टा त्याच्या गळ्यात घातला. दहा-बारा मिनिटं तो उभा होता, नजर समईवर. ओठ हलत होते की नाही, ते अंधारात कळलं नाही. बाबा परत आले, हातपाय धुतले, आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या पाया पडले. ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया पडायचं, मग वय काहीही असो. पोरगा दचकून एक पाऊल मागं सरला, पण गळ्यातल्या वीणेमुळं त्याला वाकून बाबांना धरताही येईना. मग बाबा चार वाजेपर्यंत तसेच उभे राहिले.

त्या दहा-बारा मिनिटांची नोंद कुठेही नाही.

सकाळी देवळाच्या भिंतीवरचा पहाऱ्याचा तक्ता पाहिला. दोन ते चारच्या चौकटीत जो आला नव्हता त्याचं नाव, आणि नावापुढं बरोबरची खूण. यात कुणाचा खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. कमिटीतलं कुणीतरी सकाळी पेन घेऊन ओळीनं खुणा करत जातं. वीणा वाजत होती म्हणजे पहारा झाला. तरी ती निळी खूण मनातून जात नाही. कारण रात्री ज्याला 'माऊली' म्हणून अहो-जाहो करून वीणा दिली, त्याला त्या चौकटीत नाव मिळणं शक्यच नव्हतं. चौकटीत नाव लिहायला आडनाव लागतं, आणि त्या पोराला त्याचं आडनाव त्या रात्री कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर वीणा दिली असती का, हा प्रश्न मी बाबांना विचारू शकलो नाही.

धर्म समाजात काय करतो, याची पुस्तकी उत्तरं दोन टोकांना उभी आहेत. एक म्हणतं, तो माणसांना बांधतो. दुसरं म्हणतं, तो माणसांना आपापल्या जागी बांधून ठेवतो. मराठीत दोघांनाही एकच क्रियापद पुरतं. कॉलेजात हे दोन वेगळे धडे असतात, परीक्षेत दोन वेगळे प्रश्न येतात. गावच्या सप्ताहात मात्र दोन्ही उत्तरं एकाच कागदावर, एकाच अक्षरात लिहिलेली असतात. म्हणून धर्म समजून घ्यायचा तर 'तुमची श्रद्धा कशावर' हे विचारण्याआधी 'पाळी कुणाची' हे विचारावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. कोण किती वाजता येणार, काय आणणार, कुणाला विचारलं आणि कुणाला विचारायचं राहून गेलं.

तक्ता भरणं हे सोपं काम नाही. सात दिवसांचे १६८ तास, दोन-दोन तासांचे ८४ पहारे. प्रत्येक पहाऱ्याला एक विणेकरी आणि जमलं तर दोन टाळकरी, म्हणजे अडीचशे नावं. दीडशे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात ही जमवाजमव करताना अख्खं गाव एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. संध्याकाळी सहा ते आठ आणि आठ ते दहा हे पहारे पहिल्याच बैठकीत भरतात, कारण तेव्हा हरिपाठ आणि कीर्तन असतं, मांडव भरलेला असतो, चार लोक पाहतात. दुपारचे पहारे म्हाताऱ्यांकडे जातात. उरतात ते बारा ते दोन आणि दोन ते चार. जुनी जाणती माणसं तिथं एक नाव कधीच लिहीत नाहीत. दोघं लिहितात, आणि तेही शेजारी राहणारे, म्हणजे एकानं दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवावी. नवी पोरं कमिटीत आली की हे विसरतात. मोबाइलवर नावं मागवतात, जो 'हो' म्हणेल त्याला लिहितात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तक्त्याला भोक पडतं. आणखी एक चूक फार होते. ज्याच्या शेताला त्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, त्याला रात्रीचा पहारा द्यायचा नसतो. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मोटर चालू करायला माणूस बांधावर हवाच. हे भान ठेवून तक्ता भरणारा माणूस गावात एखादाच असतो, आणि तो गेला की ते त्याच्याबरोबरच जातं.

आता वीणेकडं जवळून पाहा. सप्ताहाच्या आठवडाभर आधी ती देवळात खुंटीला लटकत असते. तिच्यावर धूळ असते, भोपळ्यावर कोळ्याचं जाळं असतं, तार गंजलेली असते. कुणीतरी तालुक्याला जाऊन तार आणतं, पट्टा बदलतं. दुकानात तशाच दुसऱ्या वीणा किमतीच्या चिठ्ठ्या लावून टांगलेल्या असतात. मग पहिल्या दिवशी पहाटे कलश बसतो, वीणापूजन होतं, बुक्का लागतो, माळ पडते. त्या क्षणापासून तीच वस्तू जमिनीला टेकवायची नाही, तिची तार थांबू द्यायची नाही, ती ज्याच्या गळ्यात त्याच्या पाया पडायचं. लाकूड तेच, भोपळा तोच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं १९१२ साली धर्मावरचं त्याचं मोठं पुस्तक छापलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं ऑस्ट्रेलियातले अरुंटा लोक होते. तो तिकडं कधी गेला नाही, दुसऱ्यांनी लिहून आणलेलं वाचूनच लिहीत होता. पण एक गोष्ट त्यानं अचूक हेरली. पावित्र्य वस्तूत नसतं. ते तिच्याभोवती माणसांनी मिळून आखलेल्या मनाईत असतं. अरुंटांचे चुरिंगा म्हणजे कोरलेले लाकडाचे नाहीतर दगडाचे तुकडे. पाहायला गेलं तर साधेच. पण बायकांनी आणि दीक्षा न झालेल्या पोरांनी ते पाहायचेही नाहीत, एवढी मनाई. आपल्या वीणेभोवतीची मनाई एवढी कडक नाही, पण जात तीच आहे.

दुर्खीम स्वतः रब्बीचा मुलगा आणि घरचा धर्म सोडलेला. त्याचं म्हणणं असं की माणसं एकत्र जमली, एका तालावर हलली की त्यांच्या अंगात जे उधाण येतं, ते प्रत्येकाच्या स्वतःच्या ताकदीपलीकडचं असतं. त्या उधाणाला माणूस देव म्हणतो आणि खरं तर तो आपल्या समाजालाच नमस्कार करत असतो. रात्री नऊच्या कीर्तनाला हे तंतोतंत लागू पडतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला ताजी कणीक लावलेली असते, त्यामुळं तिचा आवाज पोटात बसतो. चाळीस टाळ एका वेळी उघडतात आणि मिटतात. गजर वाढत जातो, पुढच्या रांगेतली माणसं टाचा उचलायला लागतात, आणि ज्याला गाता येत नाही त्याच्याही तोंडून सूर निघतो. कंदिलाच्या काळात हे होत होतं, एलईडीच्या उजेडातही होतं. पण रात्री दोनचं काय? रात्री दहानंतर भोंगा बंद. मांडवात श्रोता नाही, ताल नाही, उधाण नाही. एक माणूस, एक तार, तोंडात 'जय जय राम कृष्ण हरी', आणि गाव झोपलेलं. तरीही तो वीणा खाली ठेवत नाही. ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? मला तर समाज कीर्तनाच्या गर्दीपेक्षा त्या दोन ते चारमध्ये जास्त दिसतो. गर्दीत माणूस वाहून जातो. इथं तो कुणी पाहत नसताना दुसऱ्यांना दिलेला शब्द पाळत उभा असतो, पोटऱ्या दुखत असताना.

पण शब्द कुणाकुणाला द्यायला सांगितलेलं असतं, तिथून पुढची गोष्ट सुरू होते. काही गावांत विणेकरी माळकरी असावा असा दंडक आहे. गळ्यात तुळशीची माळ म्हणजे मांस-दारू वर्ज्य. बाहेरच्याला हे कर्मठपण वाटतं. पण याला एक व्यवहारी बाजू आहे: माळ घातली की माणसाला किंमत मोजावी लागते, आणि ती मोजलेली सगळ्यांना दिसते. मित्रांच्या पार्टीत तो ताट बाजूला सरकवतो, हळदीच्या जेवणातून उठून जातो. अशी रोजची किंमत मोजणारा माणूस पहाऱ्याला टांग मारणार नाही, असा भरवसा ठेवता येतो. ज्या गटात शिरणं अवघड त्या गटात आतली माणसं एकमेकांसाठी जास्त करतात, हे धर्माच्या अभ्यासकांनी जगभर पाहिलं आहे. त्याच माळेनं दुसरंही काम होतं. गावातले जे समाज परंपरेनं मांस खातात, त्यांच्यातल्या मुलाला माळ घालायची तर घरच्या चुलीशी अंतर पडतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी १९५२ साली कर्नाटकातल्या कूर्ग लोकांवर लिहिताना खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलून वर सरकू पाहतात, ही प्रक्रिया मांडली. माळ घातलेल्या मुलाच्या घरात ती प्रक्रिया रोज स्वयंपाकाच्या वेळी घडते, आणि ती त्याच्या आईला विचारून घडत नाही.

वर्गणीबद्दल थोडक्यात. ती उंबऱ्यामागं असते किंवा एकरामागं, आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची वेगळी यादी असते. चाकणच्या कंपनीतला पोरगा सप्ताहाला येऊ शकत नाही, पण फोनवरून पैसे पाठवतो आणि काल्याच्या दिवशी त्याचं नाव माईकवरून वाचलं जातं. हे वाचणं फार महत्त्वाचं. नावं वाचायचं बंद केलं की दोन वर्षांत वर्गणी आटते.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते पंगतीत. सात दिवस, दोन वेळा, म्हणजे चौदा पंगती, आणि त्यांतल्या बहुतेक एकेका घरानं घेतलेल्या. पाचशे पानांच्या पंगतीला ५० किलो तांदूळ, २० किलो तूरडाळ, १५ किलो रवा आणि तेवढीच साखर धरतात. गर्दी वाढली तर आमटी वाढवता येते, शिरा वाढवता येत नाही, म्हणून शिरा शेवटी उतरवायचा आणि वाढणारा हात जुना असावा लागतो. भाताचा घाणा दहा-बारा किलोंपेक्षा मोठा घातला की वरचा कच्चा राहतो आणि तळाचा करपतो. पाणी आटत आलं की चुलाणातली लाकडं ओढून घ्यायची आणि झाकणावर निखारे ठेवायचे. उरलेली आमटी गरम असताना घट्ट झाकली तर सकाळी आंबते, तोंडावर पातळ फडकं बांधलं तर टिकते. हे सगळं आचाऱ्याला ठाऊक असतं. त्याच्याकडं पाहणाऱ्यानं मात्र आणखी एक पाहावं: कुणाच्या हातात काय आहे. झारा कुणाच्या हातात, बादली कुणाच्या, आणि जेवणं झाल्यावर पातेली घासायला कोण बसलं आहे.

इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या तेव्हा त्यांना दिसलं होतं की दिवसभर एकत्र भजन म्हणत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसतात. ते त्यांना टोचलं आणि त्यांनी ते लिहिलं. तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलं. आज सप्ताहाच्या पंगतीत माणसं सरसकट एका रांगेत बसतात; पत्रावळीवर भात पडतो, द्रोणात आमटी पडते, 'पुंडलिक वरदे' होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. ही साधी गोष्ट नाही, तिला हलकं लेखणाऱ्यांशी मी वाद घालीन. पण समता गावात शिरताना एक क्रम धरते, असं माझं निरीक्षण आहे. आधी ती बसायच्या रांगेत येते. मग काही वर्षांनी वाढणाऱ्यांत येते, आधी पाण्याच्या तांब्यात, मग भाताच्या घमेल्यात. चुलाणाजवळ ती सगळ्यात शेवटी पोचते. आणि पंगत कुणाच्या नावावर, या प्रश्नापाशी ती बहुतेक वेळा अडून राहते. शेवटच्या दिवसाची, म्हणजे काल्याची पंगत ठरलेल्या घरांत फिरते, ज्यांच्याकडं पाण्याखालची जमीन किंवा गावाबाहेरचा पेट्रोल पंप. तिचा फ्लेक्स चौकात लागतो: अन्नदाते, हात जोडलेले, मागं पांडुरंग. ज्याचं भाग्य उजळलेलं असतं त्याला नुसत्या भाग्यावर समाधान नसतं, ते भाग्य आपल्याला हक्कानं मिळालंय हेही त्याला स्वतःला पटवून हवं असतं, असं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं लिहून ठेवलं आहे. त्या फ्लेक्सकडं पाहताना ते वाक्य आठवतं. पण ते एवढंच आठवून भागत नाही, कारण त्याच घरचा माणूस सकाळपासून चुलाणाशी उभा राहून घामानं निथळत असतो आणि सगळ्यात शेवटी, थंड भात खातो. तेही खरं असतं.

बायका तक्त्यात नसतात, पारायणात असतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचायच्या, म्हणजे रोज सरासरी १,३००; चार तासांचं वाचन धरलं तर मिनिटाला पाच-साडेपाच ओव्या. अध्यायांची समान वाटणी करून चालत नाही, कारण एकटा अठरावा अध्यायच अठराशे ओव्यांच्या घरात आहे. व्यासपीठावरचा माणूस पहिले दोन दिवस रमतगमत वाचायला लागला की सातव्या दिवशी सगळ्यांची दमछाक होते. पुढच्या रांगेत शाळा शिकलेल्या सुना भराभर वाचतात, मागं म्हाताऱ्या रेंगाळतात, एखादीची ओळ चुकते आणि शेजारीण बोट ठेवून दाखवते. वाचता न येणारी आजीसुद्धा पुढ्यात पोथी उघडून ओळींवरून बोट फिरवत बसलेली असते, आणि पान बरोबर वेळेला उलटते. घरातून रोज चार तास कुणाला न विचारता बाहेर बसायची परवानगी तिला वर्षातून या सात दिवसांत मिळते. सासू-सुना शेजारी बसतात. धर्म बायकांना दाबतो, हे म्हणणारीला इथं पुरावा मिळेल, कारण वीणा त्यांच्या गळ्यात जात नाही. आता काही ठिकाणी जाते, पण ती गावं मोजायला बोटं पुरतात असं वाटावं इतकी विरळ. धर्म बायकांना मोकळी जागा देतो, हे म्हणणारीलाही इथंच पुरावा मिळेल. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग त्याच मांडवात गायले जातात, आणि गाणारे बहुतेक पुरुष असतात.

मांडवाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडं वस्ती आहे. तिथं वर्गणी मागायला कुणी जात नाही, आणि मागितली तर मिळणारही नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी, मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते करून दाखवलं. समाजशास्त्राच्या पुस्तकांत धर्माच्या कार्यांची यादी असते. तीत हे कार्य ठळक लिहायला हवं: धर्म दार लावतो तेव्हा धर्म हेच दाराबाहेर पडायचं साधनही होऊ शकतं. बाबासाहेबांना धर्म नको नव्हता. समाजाला धर्म लागतो असंच ते मानत होते, पण माणसाला माणूस मानणारा. त्याआधी, १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १ तारखेपासून १० तारखेपर्यंत उपोषण केलं. ज्या चोखोबांचे अभंग रोजच्या हरिकीर्तनात येतात, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी वंदना चालते, तेव्हा ओढ्याच्या या बाजूला हरिपाठ चालू असतो. दोन्ही आवाज ओढ्यावर मिसळतात. भांडण नाही, बोलचाल आहे, शेतात एकमेकांकडं मजुरीला जाणं आहे. पण सात दिवस ओढा नेहमीपेक्षा रुंद वाटतो.

आणि अफू? धर्म ही लोकांची अफू आहे, असं मार्क्सनं १८४४ साली लिहिलं, पण लोक त्यातलं शेवटचं टोक तेवढं उचलतात. त्याच ओळींत त्यानं धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा आणि काळीज नसलेल्या जगाचं काळीज म्हटलेलं आहे. दुष्काळाच्या वर्षी पारावर बैठक बसते, सप्ताह करायचा की नाही. टँकरवर गाव चालू असताना पाचशे पानं उठवायची कुठून? तरुण म्हणतात, यंदा राहू द्या. म्हातारे म्हणतात, खंड पडला की पुन्हा सुरू होत नाही. बहुतेक वेळा तोडगा निघतो: शिरा नाही, फक्त भाकरी-आमटी, आणि भाकरी घराघरांतून. भाकरी-आमटी हे कमीपणाचं जेवण नाही हे नगरकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. गोदावरीतल्या सराला बेटाच्या श्रावणातल्या मोठ्या सप्ताहात आसपासच्या गावांतून गाड्या भरभरून भाकरी येतात आणि आमटी टँकरनं फिरते. पण दुष्काळी गावातल्या त्या भाकरीत अफू शोधताना जपावं. ती भाकरी थापताना बाई पाण्यासाठी कुणाकडं जाऊन आली, कुणी तिला दोन हंडे दिले, याचा हिशेबही सप्ताहाचाच भाग असतो. कालव्याचं पाणी का आलं नाही हा प्रश्न मात्र कीर्तनात सहसा येत नाही. तो यायला हवा, असं मला वाटतं. वारकरी परंपरेत राजाला आणि सावकाराला बोल लावणारी वाणी होती.

शिक्षण वाढलं, यंत्रं आली की धर्म ओसरेल असं एकेकाळी सगळेच म्हणत. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जरनं १९६७ साली तसं लिहिलं आणि १९९९ साली स्वतःच आपण चुकलो म्हणून सांगितलं. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून निघालेली पोरं पिढ्यान् पिढ्या खेडोपाडी गेली, आणि सप्ताहाला आजचा हा काकडा-पारायण-हरिपाठ-कीर्तन असा बांधीव आकार आला. आता नामांकित कीर्तनकाराची तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते, पाकिटाचा आकडा वर्गणीच्या वहीत सगळ्यांत मोठा असतो, आणि त्यासाठी पंगतीच्या डाळीत हात आखडला जातो. कीर्तन विकू नये हे त्याच परंपरेनं ठासून सांगितलेलं आहे. मोठ्या नावांसाठी डाळ कमी करणारं गाव मला चुकीच्या दिशेनं चाललेलं वाटतं. रात्रीचे पहारेही त्यामुळंच ओस पडतात. रात्री कीर्तन संपलं की माणसांना वाटतं, सप्ताह त्या दिवसापुरता संपला.

दोन ते चारचा तो माणूस चारच्या पुढं, काकडा सुरू होताना आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला पोटरीपर्यंत ओला चिखल, हातात बॅटरी. रात्रीची लाईट एकला आली होती. त्यानं आधी चार ते सहावाल्याच्या गळ्यातल्या वीणेपुढं डोकं टेकवलं, मग बाबांच्या पायाशी वाकला. बाबांनी त्याला उठवलं आणि एवढंच विचारलं, "पाणी झालं का भरून?"

"दोन वाफे राहिले."

"राहू दे. उद्या भर."

याहून जास्त त्यांच्यात काही बोलणं झालं नाही. क्षमा मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. त्याचं नाव तक्त्यावर होतं, आणि नाव असलेल्या माणसाचं न येणंसुद्धा गाव आपल्यात सामावून घेतं. पोरगा तेव्हा घोंगडी डोक्यावर ओढून झोपला होता.

आठव्या दिवशी काला झाला. दहीहंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला हातोहात वाटला गेला, वर्गणीची यादी माईकवरून वाचून झाली. मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि साउंडवाल्या मालकाला नारळ आणि उपरणं दिलं गेलं. वीणेची तार थांबली, आणि ती थांबल्यावर लक्षात आलं की सात दिवस ती कानात होती. पुजाऱ्यानं वीणा नेऊन खुंटीला अडकवली, तिच्या माळेची दोन-तीन फुलं ओट्यावर पडली. महाप्रसादाच्या शेवटच्या पंगती उठत होत्या. साउंडचा टेम्पो देवळामागं लागला होता आणि तो पोरगा वायर कोपर ते पंजा, कोपर ते पंजा अशी गुंडाळत होता. बाबा काठी टेकत घरी निघाले होते. टेम्पोपाशी थांबले, त्याच्याकडं पाहून हसले.

"जेवलास का रे?"

"व्हय, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि पुढं गेले. पोरानं वायरचं भेंडोळं पेटीत टाकलं, ताडपत्री ओढली आणि दोरीला गाठ मारायला लागला.